ओनेझिमचा हसरा टिकी

चौतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसलेल्या माणसाने निवृत्तीनंतर काय करावं, याबद्दल हानातेआ खोऱ्यात एकमत होतं. मासे मारावेत, केळी लावावीत आणि दुपारी गप्प पडून राहावं. ओनेझिमनी यातलं तिसरं काम दोन महिने अगदी मन लावून केलं. मग पालिकेची सभा आली आणि सगळं बिघडलं.

सभेचा विषय तसा साधा होता. डिसेंबरात प्रशांत महासागरातल्या मार्केसासच्या सगळ्या बेटांवरून माणसं महोत्सवाला खोऱ्यात येणार होती. तेव्हा प्रत्येक घराने फाटकापाशी आपल्या हातचं काहीतरी मांडावं, असं ठरलं. आता या खोऱ्यातले पुरुष जन्मतःच हातात छिन्नी घेऊन येतात. लाकूड कोरतील, दगड कोरतील, हाड कोरतील, आणि यातलं काहीच हाताशी नसलं तर बोलता बोलता करवंटी कोरून ठेवतील. ओनेझिम तेवढे एकटे आयुष्यभर शिक्के मारत आले.

"पोस्टमास्तर काय मांडणार?" शेजारच्या बार्तेलेमीने मागच्या बाकावरून विचारलं. बार्तेलेमी चर्चच्या गायनात खालचा सूर लावतो, त्यामुळे तो कुजबुजला तरी ते होड्यांपर्यंत ऐकू जातं. "शिक्का?"

सभा हसली. सेराफीनबाई, म्हणजे सौ. ओनेझिम, तोंडाला रुमाल लावून हसल्या, आणि तो रुमालच ओनेझिमना जास्त लागला.

ते उठून उभे राहिले. "मी टिकी मांडणार. दगडाचा. माणसाएवढा. माझ्या हातचा."

सभेतल्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. टिकी म्हणजे काही शोभेची कुंडी नव्हे. टिकी म्हणजे पूर्वज. मोठाले डोळे, पोटावर ठेवलेले हात. तो दारात उभा करायचा म्हणजे एक वडीलधारं माणूस घरी कायमचं मुक्कामाला आणायचं.

परतताना सेराफीन म्हणाल्या, "माणसाएवढा कशाला म्हणालात हो? वीतभर म्हणाला असतात तर साबणाचा करून चाललं असतं."

"तोंडातून गेलं."

"तुमच्या तोंडाला बोलायची सवय कुठे आहे! चौतीस वर्षं 'पुढच्या खिडकीवर जा' एवढंच बोललात. आणि खिडकी तर एकच होती."

ओनेझिम पुढे चालू लागले. त्यांच्या मनात वेगळंच चाललं होतं. या खोऱ्यात माणूस गेला की लोक म्हणतात, ते दार त्याच्या हातचं, ते वल्हं त्याच्या हातचं. आपण गेल्यावर काय म्हणतील? वेळेवर यायचा, म्हणतील. वेळेवर येण्याला हात लावून बघता येत नाही.

*

दगड मात्र घरात होता, म्हणजे अंगणात. आंब्याखाली अर्धा मातीत रुतलेला, पुरुषभर लांब, काळा, पाठ वर करून झोपलेल्या म्हशीसारखा. ओनेझिमची आई हयात असेतो रोज सकाळी त्याच्या शेजारी बसून नीरफणस कुटायची आणि आंबवलेल्या लगद्याची पोपोई मळायची. शेजारी बसायची, त्यावर कधीच नाही. पोरंटोरं दगडावर चढली की पाठीत धपाटा घालायची. "थंड दगडावर बसलं की मूळव्याध होते," हे तिचं कारण. उतारवयात तिचा हात थरथरायचा, निदान सेराफीनचं तरी असं मत होतं. कारण पोपोईचा पहिला गोळा आणि नारळाच्या दुधाचे दोन थेंब रोज न चुकता दगडावर सांडायचे. सेराफीनबाईंनी अकरा वर्षं ते पुसलं आणि अकरा वर्षं त्याबद्दल बोलल्या.

तर हा दगड. ओनेझिम आधी सल्ल्याला नाहाऊ आजोबांकडे गेले. नाहाऊ ऐंशीच्या पुढचे. खोऱ्यातले अर्धे टिकी त्यांच्या हातचे, आणि उरलेल्या अर्ध्यांकडे ते बघत नाहीत. ओनेझिम आले तेव्हा ते एका टिकीचं कोपर घासत होते, आणि कोपर संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

"दगड कुठला?"

"अंगणातला. आई ज्याच्याशेजारी बसायची तो."

घासणारा हात थांबला. "नदीत दगड संपले का रे?"

"तो हाताशी आहे ना, आजोबा. उचलून आणायला नको."

नाहाऊंनी हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाले, "आधी वर जंगलात जा. जुन्या पूजेच्या ओट्यावरचा टिकी बघून ये. त्याला विचार."

"काय विचारू?"

"तिथे गेलास की कळेल. आणि डोळे सगळ्यांत शेवटी कर. ही माझ्या आजोबांची रीत. डोळे झाले की तो बघायला लागतो. मग त्याच्यासमोर चुका करता येत नाहीत."

ओनेझिम गेले. तीन तासांची चढण. गुडघे प्रत्येक वळणावर राजीनामा देत होते, आणि नोनो माश्यांनी त्यांच्या पोटऱ्यांवर इतके शिक्के मारले की चौतीस वर्षांची फिट्टंफाट झाली. वर वडाच्या पारंब्यांत जुना ओटा होता, आणि ओट्यावर तो.

फार उंच नव्हता. खांद्यावर शेवाळ, एक कान झिजलेला. पण ते डोळे! डोकं सगळं डोळ्यांचंच, बाकी चेहरा जेमतेम दाटीवाटीने बसवलेला. ओनेझिमनी वही काढली, पेन्सिल काढली, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याकडे माना वर करून बघणारी माणसं आपण आयुष्यभर पाहिली, पण आज पहिल्यांदा आपण खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभे आहोत. आत जो बसला होता त्याला घाई नव्हती. कागदपत्रं पूर्ण आहेत का, एवढंच तो बघत होता. ती पूर्ण नव्हती. पेन्सिल काही हलली नाही. ओनेझिमनी टोपी काढली, जरा वेळ तसेच उभे राहिले आणि पाय न वाजवता खाली उतरले.

"चित्र कुठाय?" सेराफीननी विचारलं.

"निघालं नाही."

"तीन तास चढून गेलात आणि चित्र निघालं नाही?"

"त्याच्यासमोर नाही निघत गं," ओनेझिम म्हणाले. त्यांचा आवाज असा काही होता की सेराफीननी कॉफी पुढे केली.

पण टिकीला नमुना हवाच. आणि इथे ओनेझिमच्या हातून ती गोष्ट घडली जिच्याबद्दल ते पुढे कुणाशीच बोलले नाहीत. स्वयंपाकघराच्या फळीवर एक मग होता. त्यांची लेक लग्न होऊन कॅलिफोर्नियात गेली आहे, तिने तिथल्या एका दारूच्या गुत्त्यातून आणून पाठवलेला. हिरव्या चिनीमातीचा टिकी, बत्तीशी दाखवून हसणारा, डोक्यात नळीसाठी भोक. मार्केसासचा पूर्वज समुद्र ओलांडून कुठेतरी गेला होता, तिथे दारू प्यायला शिकला होता आणि आता दात काढत परत आला होता. ओनेझिमनी तो पेपरात गुंडाळला आणि चोरासारखा अंगणात नेला. त्याच्यासमोर पेन्सिल झरझर चालली.

*

पालिकेत त्यांची पुतणी एलिआन बसते. घरी आली की काकांच्या मांडीवर डोकं ठेवून केळी खाणारी पोरगी.

"एलिआन बाळा, अंगणातला दगड फाटकापाशी हलवायचाय."

"इथे बाळा नाही, काका. इथे मी पुराणवस्तू विभाग. आणि तुम्ही काका नाही, अर्जदार." तिने चार पानी अर्ज पुढे केला. "दगड जुना की नवा?"

"नवा दगड कसा असेल गं?"

"'जुना' लिहिलंत तर मुख्य बेटावरून माणूस येईल. चार महिन्यांनी."

ओनेझिमचं आयुष्य दुसऱ्यांच्या अर्जांतल्या चुका काढण्यात गेलं होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि ठसठशीत अक्षरात अर्ज भरला. 'दगडाचं वय: अर्जदारापेक्षा मोठा.' 'मालकी: वडिलोपार्जित.' आणि तिसऱ्या पानावर, 'दगडावर पूर्वीचं काही कोरीव काम आहे काय?' इथे त्यांनी 'नाही' लिहिलं, त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि सही केली. सही इतकी सुरेख आली की त्यांनी क्षणभर कागद लांब धरून बघितला.

"खालून बघितलात का?" एलिआनने विचारलं.

"दगडाला खालून काय बघायचं? टपालाची पिशवी आहे का ती?"

*

काम सुरू झालं आणि खोऱ्याला करमणूक मिळाली. कुंपणावर कोपर टेकून बार्तेलेमी सकाळपासून हजर.

"पोट मोठं ठेवा, पोस्टमास्तर. पोटात शहाणपण असतं."

"तुझ्यात किती आहे ते दिसतंच आहे."

"मग उभा राहतो की नमुना म्हणून!"

पहिल्याच दिवशी ओनेझिमनी डोळे केले. नाहाऊंची रीत ते विसरले नव्हते. पण अंगणात सगळी गल्ली जमलेली, सगळ्यांचं लक्ष हातांकडे, आणि त्यांना खात्रीने येईल असं एकच होतं, गोल. बीफचा रिकामा डबा दगडावर ठेवायचा आणि भोवतीने रेघ मारायची. चौतीस वर्षं गोल शिक्के मारलेल्या हाताला गोल यायलाच हवा, आणि आलाही. पण दुपारपर्यंत टिकी टक्क डोळे उघडून बघत होता, आणि त्यानंतरची प्रत्येक चूक त्याच्या देखत झाली.

दुसऱ्या दिवशी नाक गेलं. एक घाव जरा जास्त बसला, नाक उडालं आणि बार्तेलेमीच्या बोकडाच्या पुढ्यात पडलं. त्याने ते हुंगलं आणि रागावून कोरीव कामाचं चित्र खाऊन टाकलं. नाकाची खाच भरून काढायला ओनेझिमनी तोंड वर नेलं. तोंड एका बाजूला जास्त गेलं, म्हणून दुसऱ्या बाजूला नेलं. मग इतकं मोठं तोंड रिकामं बरं दिसेना, म्हणून दात घातले. मग बार्तेलेमीचं ग्राइंडर आणलं. ते लावल्याबरोबर आख्ख्या गल्लीची वीज गेली आणि बर्फपेट्यांतला बर्फ वितळून टुना मासा मऊ पडला. त्या दिवशी आणि दुसऱ्याही दिवशी गल्लीने लिंबू-नारळाच्या दुधातली कच्ची मासळी खाल्ली. जेवताना प्रत्येकाने ओनेझिमचं नाव घेतलं, देवाचं घेतात त्या सुरात मात्र नाही.

पंधराव्या दिवशी टिकी पूर्ण झाला. तो आभाळाकडे तोंड करून आडवा पडला होता, आणि हसत होता. कानापासून कानापर्यंत, बत्तीस नव्हे, चाळीस दात काढून.

"टिकी हसत नाहीत हो," सेराफीन हळूच म्हणाल्या. चेष्टा नव्हती त्यात, आणि म्हणूनच ते जास्त झोंबलं.

नाहाऊ आजोबांना दोघांनी धरून आणलं. त्यांनी दगडाकडे पाहिलं, डोळ्यांकडे पाहिलं, दातांकडे पाहिलं. "डोळे आधी केलेस," एवढंच म्हणाले. आणि जाता जाता वाकून त्यांनी दगडाच्या कडेला, मातीला लागतो तिथे, तळवा ठेवला, एखाद्याचा ताप बघावा तसा. ते ओनेझिमनी पाहिलं, पण त्यांना त्या वेळी स्वतःच्या अब्रूपलीकडे काही दिसत नव्हतं.

महोत्सवाला दोन दिवस उरले होते. टिकी मांडला नाही तर जन्मभर शिक्का, मांडला तर जन्मभर दात. ओनेझिमनी सकाळभर आंब्याखाली बसून विचार केला आणि चौतीस वर्षांच्या सरकारी नोकरीने शिकवलेला तोडगा काढला.

"उभा करायचा. पण तोंड घराकडे, पाठ रस्त्याकडे."

"म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांना नुसता दगड दिसणार?"

"नम्र टिकी आहे म्हणून सांगू."

"आणि तो जन्मभर माझ्या स्वयंपाकघरात बघून हसणार?"

ओनेझिम दोरखंड शोधायला उठले.

*

पालिकेचं खोदायचं यंत्र होतं, पण चालवणारा मासे मारायला गेला होता. मग बार्तेलेमीने चर्चचं गायनपथक बोलावलं. "सूर लागला की वजन लागत नाही," तो म्हणाला. आणि बघा, इतके दिवस कुंपणावरून टोमणे मारणारा हा माणूस, दोरखंड पहिला त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतला. फाटकापाशी खड्डा तयार होता. दगड ओंडक्यांवरून तिथवर सरकवायचा, मग त्याचं डोकं उचलायचं. रस्त्याच्या बाजूला वीस माणसं दोर धरून, घराच्या बाजूला ओनेझिम आणि चौघं पहारी घेऊन. मेरीमातेचं गाणं सुरू झालं. प्रत्येक कडव्याला हिसका. मातीने दगड सोडताना असा आवाज केला, जसा कुणीतरी खोल झोपेतून सुस्कारा टाकावा.

दगड सरकला; मागे उरलेल्या जागेकडे बघायला कुणाला सवड नव्हती. दगड चढला. ओनेझिमच्या समोर चाळीस दात हळूहळू आभाळातून खाली आले आणि थेट त्यांच्या तोंडासमोर येऊन थांबले. आणि त्याच क्षणी पलीकडचं गाणं तुटलं.

थांबलं नाही, तुटलं. अर्ध्या शब्दावर. वीस गळे एकदम.

कुणाचा पाय सापडला, ओनेझिमना वाटलं. "काय झालं? अरे बार्तेलेमी, काय झालं?"

उत्तर नाही. बार्तेलेमीकडून उत्तर नाही, असं त्यांच्या आठवणीत कधी झालं नव्हतं. त्यांनी पहार टाकली आणि वळसा घालून रस्त्यावर आले.

बार्तेलेमीने दोर सोडला नव्हता, पण टोपी काढली होती. सगळ्यांनीच काढली होती. एलिआन हातातला अर्ज छातीशी धरून उभी होती. आणि दगडाच्या त्या बाजूने, ओल्या मातीतून, दोन डोळे बघत होते.

डबा ठेवून काढलेले गोल नव्हते ते. कपाळातून उगवलेले, काठ उचललेले, नुकते उघडल्यासारखे. खाली रुंद, मिटलेलं तोंड, ज्याला काही सिद्ध करायचं नव्हतं. पोटावर दोन्ही हात, दहाही बोटं वेगळी. खांद्यावरच्या रेघा कालच ओढल्यासारख्या धारदार. ऊन त्याच्यावर पडत होतं, आणि किती पिढ्यांनी पडत होतं कोण जाणे. ओनेझिमना वाटलं की आपण त्याच्याकडे बघत नाही आहोत. तो आपल्याला बघतो आहे, आणि कागदपत्रं विचारत नाही आहे.

"नाक," कुणीतरी म्हणालं.

नाक शाबूत होतं. टोकाला कपचासुद्धा उडालेला नव्हता.

तेव्हा सगळे अंगणाकडे धावले, दगड जिथे होता तिथे. मातीत त्याचा आख्खा साचा उमटला होता, आणि साच्याच्या तळाशी माती नव्हती. समुद्रकाठचे गोटे होते, अंड्याएवढे, गुळगुळीत, एकेक निवडून शेजारी शेजारी बसवलेले. चेहऱ्याच्या जागी बारीक पांढरी वाळू. आणि त्या वाळूत, नेमका नाकाच्या जागी, एक खळगा.

नाहाऊ आजोबा खळग्यापाशी उकिडवे बसले. त्यांनी त्यात दोन बोटं घातली. "पाद्री टिकी फोडत होते तेव्हा," ते म्हणाले, "कुणीतरी याला झोपवला. फेकला नाही. झोपवला."

समुद्रकाठ इथून तासाभरावर. एवढे गोटे किती खेपांनी आले असतील? तेही कुणाला न दिसता, तेही भीत भीत. आणि इतक्या घाईत, इतक्या भीतीत, कुणालातरी नाकाची आठवण राहिली होती.

"मला आईने का नाही सांगितलं?" ओनेझिमनी विचारलं. प्रश्न कुणालाच नव्हता.

"सांगितलं की," सेराफीन म्हणाल्या. "धपाटे घालून सांगितलं. आणि मी अकरा वर्षं पुसत बसले."

एलिआनने अर्ज उघडला. "काका, पान तीन. 'पूर्वीचं कोरीव काम: नाही.' खाली दोन रेघा. सही." तिने अर्जाची घडी घातली आणि खिशात ठेवली. "मी सध्या काकाच म्हणते. अर्जदार म्हटलं तर मला तुमच्यावर कारवाई करावी लागेल."

*

मुख्य बेटावरून माणूस आला, चार महिन्यांनी नव्हे, दुसऱ्याच दिवशीच्या बोटीने. त्याने मापं घेतली, फोटो काढले, एकदा चष्मा काढून डोळे पुसले. मग दगडाच्या घराकडच्या बाजूला गेला आणि त्याने एकेक दात मोजला.

"हे कोणाचं काम?"

"माझं," ओनेझिम म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना हे वाक्य म्हणायची संधी मिळाली होती, आणि ती अशी मिळाली.

"ग्राइंडरने घासून काढून टाकता येईल ना?" सेराफीननी आशेने विचारलं.

"बाई, या दगडाला आता कुणीही छिन्नी लावायची नाही. कधीच. कुठल्याही बाजूला."

म्हणजे ते दात राहणार. पूर्वज राहील तोवर राहणार. पोरंबाळं जातील, घर जाईल, आंबा जाईल, आणि ओनेझिमच्या हातचं ते हसू तसंच राहील. ओनेझिम पायरीवर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

नाहाऊ आजोबा त्यांच्याशेजारी येऊन बसले. "वाईट आहे," त्यांनी दिलासा दिला. "मी इतका वाईट दुसरा पाहिलेला नाही. पण तू दुसरा दगड घेतला असतास, तर हा अजून झोपलेलाच असता." मग म्हणाले, "मी हात लावून बघितलं होतं. मला वाटलं होतं, आहे. पण माझा धीर झाला नसता रे. मला टिकी कळतात ना."

महोत्सवाला सगळ्या बेटांची माणसं त्या फाटकापाशी थांबली. ढोलवाल्यांनी ढोल खाली ठेवले. म्हाताऱ्या बायका दगडासमोर जमिनीवरच बसल्या आणि त्यांनी जुन्या बोलीत काही म्हटलं, ज्यातलं अर्धं ओनेझिमना कळलं नाही आणि सगळं समजलं. मग एकेकजण वळसा घालून मागे जायचा, आणि मागून हसण्याचा आवाज यायचा. आधी दचकलेला, मग मोकळा. डोळे पुसून गेलेल्या बायका हसून परत येत होत्या. बार्तेलेमी फाटकात उभा राहून सगळ्यांना सांगत होता, "मागचा आमच्या पोस्टमास्तरांच्या हातचा! जपून बघा, चावेल!" आणि त्याच्या सांगण्यात, काय सांगावं, चक्क अभिमान होता.

पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ओनेझिम आंब्याखाली बसून पोपोई मळत होते. आयुष्यात पहिल्यांदा, म्हणून हात कोपरापर्यंत बरबटलेले. सेराफीन दारातून बघत होत्या. लगदा मळून झाला तसा ओनेझिमनी पहिला गोळा घेतला, फाटकापाशी गेले, रस्त्याच्या बाजूला वळले आणि तो त्या रुंद, मिटलेल्या तोंडाखाली, पायांपाशी ठेवला. वर नारळाच्या दुधाचे दोन थेंब.

मग थोडं घुटमळून त्यांनी मागच्या बाजूलाही एक छोटा गोळा ठेवला. चाळीस दातांना काहीतरी काम हवंच.

"सांडलंत," सेराफीन म्हणाल्या.

"हो."

त्यांच्या हातात फडकं होतं. मग त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि आत जाऊन दुधाचं भांडं घेऊन आल्या.